प्लेबुकमध्ये ‘लेटेस्ट’ लिहावं का?

डेबियनकर
अ‍ॅन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हर एकसारखे लावून देणारं साधन, आणि प्लेबुक म्हणजे त्याला दिलेली सूचनांची फाइल. त्या प्लेबुकमध्ये ‘स्टेट: लेटेस्ट’, म्हणजे पॅकेजची उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती घे, असं लिहायला माझा ठाम विरोध आहे. आज चालवलं तर एक आवृत्ती, पुढच्या महिन्यात नवा सर्व्हर उभा केला की दुसरी. मग एकाच लोड बॅलन्सरमागच्या (येणारं काम मशीनांत वाटून देणाऱ्या यंत्रणेमागच्या) दोन मशीनपैकी एकावरच बग दिसतो आणि शोधणाऱ्याचे हाल होतात. शिवाय डेबियन लिनक्सवर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचं पॅकेज अपडेट झालं की सर्व्हिस रीस्टार्ट होते. भर दुपारी सगळी कनेक्शनं तुटली तर ग्राहकाला काय सांगायचं? आवृत्ती नेमून द्या, रेपोचा (पॅकेजच्या साठ्याचा) स्नॅपशॉट, म्हणजे एका दिवशीची गोठवलेली प्रत, आधी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) चालवा, मगच प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) न्या.

रात्रपाळी
नेमून दिलेली आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, कारण ती बदलणं कुणाच्याच कामात धरलेलं नसतं. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधली (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमधली) सीव्हीई-२०२४-६३८७ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करता थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळू शकेल अशी ती खोट होती. उबंटू सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (सुरक्षेचे अपडेट आपोआप लावणारी सोय) मुळातच चालू असतं; ज्यांनी ते बंद केलं नव्हतं त्यांच्याकडे पॅच आपोआप पोचला. तुमचा स्नॅपशॉट तोवर स्टेजिंगवरच असता.

डेबियनकर
त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (चोरून आत शिरायची मुद्दाम ठेवलेली वाट) सापडलं, त्याचं काय? नव्याची घाई करणाऱ्यांकडेच ते आधी पोचलं.

रात्रपाळी
डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल या चाचणीच्या शाखांमध्ये पोचलं, रोजच्या वापराच्या स्टेबलमध्ये नाही. स्टेबलवर ‘लेटेस्ट’ म्हटलं की बहुतेक वेळा जुन्याच आवृत्तीवर लावलेला सुरक्षा-पॅच मिळतो. मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती तिथे सहसा येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

कर्नलवाला
पॅकेज अपडेट झालं म्हणजे पॅच लागला, असं दोघंही धरून चालला आहात. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट करून ती वापरणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते. एलएसओएफमध्ये (उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडमध्ये) त्या फाइलपाशी ‘डीईएल’, म्हणजे डिलीट झालेली, असं दिसतं, आणि प्लेबुक मात्र कुठेही तक्रार करत नाही. कोणती सर्व्हिस रीस्टार्ट करायला हवी ते सांगणारं नीडरीस्टार्ट चालवून बघा.

डेबियनकर
म्हणूनच म्हणतो, रीस्टार्टची वेळ आपल्या हातात हवी. प्लेबुकमध्ये ‘सिरियल: १’, म्हणजे एका वेळी एकच मशीन, लावा; एकेक मशीन लोड बॅलन्सरमधून काढा, अपडेट करा, तपासून परत आत घ्या.

रात्रपाळी
हे करायला जागेवर माणूस लागतो. दोन माणसांच्या टीममध्ये एक रजेवर गेला की सगळं अडतं. सुरक्षेचे अपडेट आपोआपच हवेत. डेटाबेस तेवढा ‘एपीटी-मार्क होल्ड’वर ठेवा, म्हणजे त्याचं पॅकेज आपोआप बदलणार नाही.