ॲक्टिनच्या तंतूंची विद्युतवाहकता: वाढ नक्की कशाची?

भुईकोट: एमएस्सीचा प्रोजेक्ट, सोलापुरातच. दोन प्लॅटिनम तारांमध्ये १० मायक्रोलिटरचा थेंब, त्यात १० मायक्रोमोलर ॲक्टिन (पेशीत तंतू बनवणारं प्रथिन). तंतू बनावेत म्हणून ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घातलं की वाहकता एकदम उडी घेते, मग हळूहळू चढतच राहते. ही वाढ तंतूंचीच समजायची ना? तुलनेसाठी कंट्रोल म्हणून नुसत्या जी-बफरमधलं, म्हणजे ॲक्टिनचे रेणू सुटे ठेवणाऱ्या द्रावणातलं, ॲक्टिन आहे.

सातरस्ता: नाही हो. ती उडी मिठाची. कंट्रोलमध्ये मीठच नाही, मग तुलना कशाशी करताय? पोटॅशियम काढून टाका, २ मिलिमोलर मॅग्नेशियमवरही तंतू बनतात. कंट्रोलमध्ये मॅग्नेशियमच्या आधी २० मायक्रोमोलर लॅट्रन्क्युलिन-ए (हे तंतू बनू देत नाही) घाला, १० मिनिटं थांबा. मग प्रथिन तेच, मीठ तेच, फक्त तंतू नाहीत. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असतं, तेव्हा तेवढंच डीएमएसओ दुसऱ्या थेंबातही हवं.

नंतरची चढण बहुधा सोलापूरच्या उन्हाळ्याची! कोरड्या हवेत उघड्या थेंबातलं पाणी उडतं, क्षार दाटतात. वर मिनरल ऑइल ओता. शिवाय तापमान १ अंशाने वाढलं की वाहकता साधारण २ टक्के वाढते. लाइट जाऊन एसी बंद पडला आणि खोली ५ अंशांनी तापली, की झाले १० टक्के.

भुईकोट: मीठ कमी केल्याने फरक का पडतो? आणि सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड चालतील का?

आयनमेघ: तंतूवरून इलेक्ट्रॉन धावतात असं चित्र डोक्यातून काढा. ॲक्टिनवर दर नॅनोमीटरला साधारण ४ ऋणभार असतात. पाण्यात ही घनता १.४ च्या वर गेली की धन आयन तंतूलगत दाटतात, आणि सिद्धांत असा मांडला जातो की आयनांची लाट त्या थरातून जाते. १५० मिलिमोलर मिठात तंतूचा भार ०.८ नॅनोमीटरच्या अंतरातच झाकला जातो, तुमच्या बिनपोटॅशियम बफरमध्ये त्याचा प्रभाव ३ नॅनोमीटरच्या आसपास पोचतो. पेशीतली स्थिती पहिलीच्या जवळची, हे विसरू नका. लिन आणि कॅन्टिएलो यांचा १९९३ चा पेपर जरूर वाचा, पण तोही पेशीबाहेर काढलेल्या तंतूंचा आहे. त्यामुळे थीसिसमध्ये ‘पेशीत संकेत वाहतो’ असं ठोकून देऊ नका.

सिल्व्हर नको. जी-बफरमधल्या डीटीटीने (गंधकयुक्त क्षपणकाने) ते काळं पडतं आणि सुटलेले सिल्व्हर आयन ॲक्टिनमधल्या सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाला चिकटतात. प्लॅटिनमच ठेवा, पण प्रत्यावर्ती प्रवाहाने, १ किलोहर्ट्झच्या वर मोजा. खाली गेलात की इलेक्ट्रोडचंच ध्रुवीकरण (त्याच्या पृष्ठभागावर आयन साचणं) हाती येतं.

सातरस्ता: तंतू खरंच झालेत का, तेही वेगळं तपासा. ५ टक्के पायरीन-ॲक्टिन (चमकणारा रंग जोडलेलं, तंतू बनला की जास्त चमकणारं ॲक्टिन) मिसळून ३६५ नॅनोमीटरवर उत्तेजित करा, ४०७ वर चमक बघा. लॅट्रन्क्युलिनच्या नमुन्यातही ती चढली तर कंट्रोल फसला.