चिनी आरमार खरंच अमेरिकेच्या पुढे गेलंय?

किनारा: मित्राशी वाद चाललाय. तो म्हणतो, चीनकडे ३७० च्या वर जहाजं-पाणबुड्या, अमेरिकेकडे ३०० पण नाहीत, विषय संपला! मी म्हणतो, अमेरिकेच्या ११ विमानवाहू नौका काय शोभेच्या आहेत? जाणकारांनो, मोजायचं तरी काय?

खलाशीबुवा: डोकी मोजू नका, वजन बघा. चीनची ०५६ जातीची कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, जेमतेम दीड हजार टनांची, अमेरिकेची विमानवाहू निमिट्झ लाखभर टनांची. यादीत दोन्ही ‘एक’च. टनेजमध्ये, म्हणजे एकूण वजनात, अमेरिका अजून पुढे आहे.

जुना चीफ: मी व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनीअर होतो, म्हणून गोदीतून बघतो. आमचं बल्कर (सुट्ट्या मालाचं जहाज) एकदा चीनमध्ये ड्रायडॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत होतं. बॅलास्ट टाकीतले (तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात ती टाकी) गंजके पत्रे बदलायचे होते. हातोडा मारावा तिथे नवं भोक, यादी वाढतच चाललेली. मी धरून चाललो होतो, आठवडा तरी लांबणार. पण सकाळी खडूने खूण केलेला पत्रा संध्याकाळी कापून खाली, आणि रात्रपाळीत नवा पत्रा टॅक मारून (कच्च्या वेल्डिंगने) उभा! एका वेल्डवर मी कुरकुरलो, तर फोरमनने हुज्जत न घालता ग्राइंडर मागवला, माझ्यासमोर सगळं खरवडून पुन्हा भरलं. ठरल्या दिवशी निघालो.

टनेजने जगातली निम्मी व्यापारी जहाजं आज तिथेच बनतात, अमेरिकेत एक टक्काही नाही. अमेरिकेच्या ‘बॉइसी’ पाणबुडीचं बघा. दुरुस्ती रखडून २०१७ ला बुडी मारायची परवानगी गेली, मोठ्या दुरुस्तीचं कंत्राट २०२४ ला. तोवर धक्क्यालाच, तरी यादीत हजर.

किनारा: म्हणजे चीफसाहेब, मित्र जिंकला?

जुना चीफ: छे, अर्धाच. तैवानजवळ लढाई झाली तर चीनला आपली बंदरं हाताशी, अमेरिकेच्या बऱ्याचशा जहाजांना अख्खा पॅसिफिक ओलांडून यायचंय. हिंदी महासागरात मात्र चीनचा एकच उघड तळ, २०१७ चा, आफ्रिकेतल्या जिबूतीचा. त्यांची विमानवाहू नौका ‘फुजियान’ ८० हजार टनांची, विद्युतचुंबकीय कॅटापल्टवाली (विमानाला झटका देऊन उडवणारं यंत्र), देखणी आहे. पण अणुशक्तीवर नाही, लांब जायचं तर तेलाचं जहाज मागे हवंच.

खलाशीबुवा: अमेरिकेला ती कटकट नाही, त्यांच्या विमानवाहू नौका अणुशक्तीवर चालतात.

जुना चीफ: आहे हो! विमानांचं इंधन अणुभट्टीतून निघत नाही. तेलाचं जहाज त्यांच्याही मागे असतंच.