कुत्र्यांसाठी कानातले घ्यायचे की सरळ पैसे द्यायचे?

हिशेबनीस, लातूर
गोलाईजवळच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर कुत्र्याच्या पंजाच्या आकाराचे कानातले होते. किंमत 350 रुपये. कार्डावर छापलेलं, ‘या खरेदीतून टाकून दिलेल्या कुत्र्यांना जेवण’. किती जेवण, विचारलं तर म्हणे नफ्यातला काही भाग. काही भाग म्हणजे दहा रुपये का दोनशे? द्यायचंच तर सरळ द्या ना. 80जी मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली तर जुन्या करपद्धतीत सूट तरी मिळते. कानातल्यांचं मिळतं ते बिल. खरेदीला दान कशाला म्हणायचं?

उदगीरची ताई
दादा, सरळ द्या म्हणायला सोपंय. आम्ही गल्लीतल्या चार-पाच बाया कुत्र्यांना घालतो. आधी वर्गणी मागितली, लोक तोंड फिरवायचे. मण्यांची ब्रेसलेटं करायला लागलो तर तेच लोक दोन-दोन नेतात, एक स्वतःला, एक नणंदेला. घालतो काय तेही ऐका: कणीचा भात, त्यात चिकनवाल्याकडचे पाय-मुंड्या, चिमूटभर हळद. कांदा अजिबात नाही, कुत्र्याला बाधतो. बिस्किटाचा पुडा टाकून फोटो काढणाऱ्यातल्या नाही आम्ही. मणी, दोरा, गॅस वजा जाता सगळं तिकडंच. वही घरी आहे, बघायला या, चहा पण देते.

हिशेबनीस, लातूर
ताई, तुम्ही वही दाखवायलात. तो स्टॉलवाला मलाच म्हणाला, ‘विश्वास नाही का?’

गोलाईवाला
2016 ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं आता कुत्र्याला कानातले!

उदगीरची ताई
कुत्र्याला नाही हो, मला. अन् त्या उन्हाळ्यात पण आमच्या सासूबाई दारात कुत्र्यांसाठी परातीत पाणी ठेवायच्या.

लेकरांचा बाप, नांदेड
शिकवणीहून येताना पोराच्या पोटरीला चावलं. लसीसाठी महिनाभर चकरा मारल्या. पुण्य तुम्हाला, चावा आमच्या लेकराला. पैसे जमवायचेच तर नसबंदीला जमवा. नुसतं खाऊ घालून गल्लीत कुत्री वाढायलेत.

परभणीचा व्हेट
नसबंदीचं बरोबर आहे, पण खाऊ घालणाऱ्यांवर राग काढू नका. ओळखीच्या हाताला कुत्रं लवकर सापडतं. नसबंदीसाठी पकडताना गाडीवाले याच बायांना बोलावतात. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून, रेबीजची लस देऊन होतं तिथंच सोडायचं. बाकी रस्त्यात कुठंही घालू नका, नगरपालिकेनं ठरवलेल्या जागी घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय.
मला चीड येते ती टाकणाऱ्यांची. हौसेनं लॅब्राडोर आणायचा, म्हातारा झाला की हायवेच्या ढाब्यावर सोडायचा. त्याला ना भांडता येतं, ना उकिरड्यावर पोट भरता येतं. आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. एका कानातल्याच्या जोडीत सात कुत्री टाकून होतात!

लेकरांचा बाप, नांदेड
हे माहीत नव्हतं. तरी जेवणाच्या नावावर मी रुपया देणार नाही. ताई, नसबंदीचा डबा वेगळा ठेवा, त्यात टाकतो.

उदगीरची ताई
ठेवते. पण कुत्री पकडायला यायचं तुम्ही.

हिशेबनीस, लातूर
आणि त्या डब्याची वही वेगळी.

गोलाईवाला
ताई, ब्रेसलेट केवढ्याला? घरी विचारायलेत.