ऑफिसचा कॉम्प्युटर नवीन एसएसडीवर

ए-१०२ सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर फार रखडतोय, म्हणून ५०० जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) आणली आहे. जुनी हार्ड डिस्क १ टीबीची. तिच्यात उबंटू (विंडोजसारखी सिस्टीम) आणि मेंटेनन्सचा सगळा हिशोब आहे. सगळं जसंच्या तसं नवीनवर हवंय. कोणाला जमेल?

सी-४०३: सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट. झालं 😀

बी-२०४: दादा, नुसते फोटो असते तर चाललं असतं. अख्खी सिस्टीम अशी ओढली तर फाइलींचे मालक, परमिशन्स, लिंक्स सगळ्याचा घोळ होतो. शिवाय सिस्टीम चालू असताना फाइली बदलत राहतात. अर्धी कॉपी आधीची, अर्धी नंतरची. काका, मी करून देते.

सी-६०१: सरळ क्लोन करा ना, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. डीडी कमांड आहे, क्लोनझिला सॉफ्टवेअर आहे.

बी-२०४: नवीन डिस्क लहान आहे हो. डीडी रिकामी जागासुद्धा ब्लॉकमागून ब्लॉक उचलतं, १ टीबी तिथे मावणार कशी? क्लोनझिलालाही एरवी तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते. आणि डीडीत सोर्स-टार्गेटची अदलाबदल झाली की कोरी डिस्क हिशोबावर चढते, विचारतही नाही. काका, जुनी डिस्क टिकटिक करते का?

ए-१०२ सेक्रेटरी: नाही, फक्त हळू आहे. भरलेली जागा ९० जीबी दाखवतंय.

बी-२०४: मग मावेल. तरी आधी स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघते. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढलेले असतील तर बेत बदलावा लागेल. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नसतात, आधी डीडीरेस्क्यू नावाच्या टूलने जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढायचं. त्याची मॅप फाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) ठेवली की मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं.
रिपोर्ट ठीक असेल तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबंटूतून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) बूट करायचं, म्हणजे जुनी सिस्टीम झोपलेली राहील. जुनी डिस्क रीड-ओन्ली माउंट करायची, म्हणजे फक्त वाचण्यापुरती जोडायची. सिस्टीम डिस्कना देते त्या एसडीए-एसडीबी नावांवर मी विश्वास ठेवत नाही, ती बूटगणिक बदलू शकतात. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये साइज आणि मॉडेल बघूनच हात लावते. नवीनवर पार्टिशन्स (डिस्कचे कप्पे) करून सिस्टीमच्या पार्टिशनला ईएक्सटी४ फॉरमॅट, मग फाइली कॉपी करणारी आरसिंक कमांड, या अक्षरांच्या ऑप्शन्ससह: छोटा ए, मोठे एच, ए, एक्स आणि छोटा एक्स. मोठ्या तिघांनी हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं), एसीएल (जादा परमिशन्स) आणि जादा अ‍ॅट्रिब्यूट्स येतात. छोट्या एक्सने ते दुसऱ्या पार्टिशनमध्ये शिरत नाही, म्हणून बूटचं ईएफआय पार्टिशन वेगळं कॉपी करायचं. सोर्सच्या शेवटचा स्लॅश विसरलं की सगळं एका फोल्डरच्या आत जाऊन बसतं!

सी-६०१: मध्येच लाइट गेली तर?

बी-२०४: तीच कमांड पुन्हा. झालेल्या फाइली सोडून पुढे जातं. आरसिंक मला म्हणूनच आवडतं.

सी-४०३: आणि मग सरळ चालू होतो?

बी-२०४: नाही दादा. नवीन पार्टिशन्सचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळे. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) ते बदलायचे, सीएचरूट करून, म्हणजे नवीन सिस्टीमच्या आत शिरून, ग्रब (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) पुन्हा बसवायचं. हे राहिलं की काळा स्क्रीन येतो आणि लोक म्हणतात कॉपीच बिघडली. त्याआधी तपासणी: आरसिंकच ड्राय रनमध्ये (काही न बदलता नुसता फरक दाखवतं), चेकसमसह (फाइलींचा मजकूर पडताळून). दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचतं, वेळ खातं. एकाही फाइलचं नाव आलं नाही की हे बदल करून, जुनी डिस्क काढून नुसत्या नवीनवर चालू करून बघायचं.

ए-१०२ सेक्रेटरी: शनिवारी ऑफिस बंद ठेवतो. माझ्याकडून काय हवं?

बी-२०४: हिशोबाच्या फोल्डरची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर, आजच. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसणार नाही, तेवढं बघा.

सी-४०३: जुनी डिस्क मग मला द्या, सिनेमे ठेवायला.

बी-२०४: ऑडिट होईपर्यंत तिला कोणी फॉरमॅट करायचं नाही. काका, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहू दे.

ए-१०२ सेक्रेटरी: ठीक आहे ताई. शनिवारी १० ला ऑफिस उघडून देतो.