अवास्तव कौतुक झालेले गेम, आणि पुढच्या भागाने साचा बदलावा का?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात ‘असॅसिन्स क्रीड व्हलहाला’ हा व्हिडिओ गेम एकदाचा संपवला, आणि आनंद होण्याऐवजी सुटल्यासारखे वाटले, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे. २००७ सालच्या पहिल्या भागापासून मी ही मालिका खेळत आलो आहे. दमास्कस, एकर आणि जेरुसलेमच्या गच्च्यांवरून धावायचे, गर्दीत मिसळायचे, सावज हेरायचे आणि मनगटातले छुपे पाते एकदाच चालवायचे, एवढाच तो खेळ होता. त्यात तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागत, ही तक्रार तेव्हाही रास्त होती. २००९ च्या दुसऱ्या भागाने आपल्याला फ्लॉरेन्स आणि व्हेनिसमध्ये नेऊन ती बरीचशी दूर केली, पण पात्याला हात लावला नाही.

२०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून मात्र पात्रांना लेव्हल (ताकदीच्या पायऱ्या) आल्या आणि सगळेच बदलले. गवतात दबा धरून बसावे, पहारेकऱ्याची पाठ फिरताच झडप घालावी, पाते मानेत उतरलेले डोळ्यांनी दिसावे, आणि त्याची लेव्हल आपल्यापेक्षा वरची आहे म्हणून त्याने थोडीशी ताकद गमावून पुन्हा तलवार उपसावी, हे मला आजही पटत नाही. व्हलहालामध्ये एका घावात हत्या करण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येते. पण जो मालिकेचा प्राण होता तो सेटिंगच्या यादीत शोधावा लागावा, याचेच मला वाईट वाटते.

अकरावीतला माझा भाचा म्हणतो, “मामा, तुमचे जुने भागच लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेत.” त्याचे म्हणणे मी झटकून टाकलेले नाही. तुमच्या मते कोणत्या गेमचे कौतुक त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त झाले, आणि पुढच्या भागाने नेमके काय बदलावे?

यार्डातला (भुसावळ)

दादा, मी माझ्याच लाडक्या गेमचे नाव घेतो : शत्रूच्या तळात एकट्याने चोरून शिरण्याचा, २००० सालचा ‘प्रोजेक्ट आयजीआय’. आमच्या पिढीने त्याचे जेवढे गोडवे गायले तेवढा तो चांगला नव्हता. एकदा अलार्म वाजला की पहारेकरी बराकीतून येतच राहत. ते इतके कोठून येतात, याचा विचार नॉर्वेतल्या त्या स्टुडिओने केलेला दिसत नाही. तरीही आम्ही त्यावर जीव टाकला. पहिलेच मिशन रेल्वेच्या यार्डातले होते, आणि यार्डाच्या भोंग्यांवर लहानाचे मोठे झालेल्या भुसावळच्या मुलांना ते आपलेच वाटले, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते : मिशन चालू असताना मध्येच सेव्ह करण्याची सोय त्यात नव्हती.

त्या काळातले भारनियमन तुम्हाला आठवत असेल. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत पाऊण तास सरपटत शेवटच्या इमारतीपर्यंत पोहोचावे आणि वीज जावी. यूपीएस पाच मिनिटे टीं-टीं करत राही, मागे उभी असलेली तीन-चार मुले “पळ, पळ” म्हणून ओरडत, आणि पळत सुटले की हमखास गोळी लागे. पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात. आम्ही सगळे तेव्हा मनातल्या मनात सेव्हची मागणी करत होतो. २००३ च्या दुसऱ्या भागात ती आली, तीही प्रत्येक मिशनला मोजक्याच वेळा. शस्त्रे वाढली, चित्रे सुधारली, पण दार उघडण्यापूर्वी छातीत होणारी धडधड गेली, कारण चूक झाली तरी मागे सेव्ह होता. खेळाडू ज्याची तक्रार करतो, तेच कधी कधी त्याला खुर्चीला बांधून ठेवत असते. पुढचा भाग करणाऱ्याने प्रत्येक तक्रार ऐकावी, पण प्रत्येक तक्रार मिटवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पांझरा (धुळे)

मला हे अर्धेच मान्य आहे. साचा बदलला नाही म्हणून मेलेल्या मालिकाही कमी नाहीत. असॅसिन्स क्रीडचेच घ्या : २०१४ चा ‘युनिटी’ तांत्रिक दोषांनी भरलेला निघाला, २०१५ ला ‘सिंडिकेट’ आला, आणि २०१६ मध्ये मालिकेचा मुख्य भाग आलाच नाही. तेच पाते दरवर्षी विकून लोक कंटाळले होते, म्हणूनच ओरिजिन्सने एवढी मोठी उडी घेतली.

मला बदलाचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण ‘रेसिडेंट इव्हिल’ या भयपटासारख्या मालिकेचे वाटते. सुरुवातीच्या भागांत कॅमेरा एका जागी खिळलेला असे आणि वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे. २००५ च्या चौथ्या भागाने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला, आणि त्यानंतर निम्म्या गेमविश्वाने त्याची नक्कल केली. या चौथ्या भागाचा एक आधीचा आराखडा मूळ मालिकेपासून इतका दूर गेला होता, की कंपनीने त्यालाच वेगळे नाव देऊन २००१ मध्ये ‘डेव्हिल मे क्राय’ म्हणून बाजारात आणले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. बदल एवढा मोठा असेल तर नावही नवे द्यावे, जुन्या नावाच्या जोरावर गिऱ्हाईक ओढू नये.

२०१२ च्या सहाव्या भागात नुसती धावपळ आणि स्फोट होते. मग २०१७ च्या सातव्या भागाने कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यांत नेला. वरवर पाहता हा मालिकेतला सर्वांत मोठा बदल होता, पण खेळायला बसल्यावर कळले की एकच बंद घर, मोजक्या गोळ्या, कुलपे, किल्ल्या आणि दबकत टाकलेले पाऊल हे सगळे १९९६ च्या पहिल्या भागातलेच होते. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या पात्याचे दुःख मला यातूनच समजले. कॅमेरा बदलला तरी भीती राहिली होती. तुमच्याकडे शहरे, घोडे, जहाजे सगळे वाढले आणि पाते बोथट झाले.

सातपुडा_शहादा

माझे उदाहरण ‘एज ऑफ एम्पायर्स’चे आहे, म्हणजे गावकऱ्यांकडून लाकूड-धान्य गोळा करून राज्य आणि सैन्य उभारण्याच्या गेमचे. १९९९ चा दुसरा भाग आमच्या घरी अजूनही दर दिवाळीला सगळी भावंडे मिळून खेळतो. २००५ च्या तिसऱ्या भागात गावकऱ्यांनी लाकूड आणि धान्य कोठारापर्यंत वाहून नेण्याची गरजच काढून टाकली. बदल किरकोळ वाटेल, पण कोठार जंगलापासून किती अंतरावर बांधायचे, गावकरी रिकाम्या हाताने किती चालतो, हाच तर आमच्या भांडणांचा विषय होता. शेतातून खळ्यापर्यंतचे अंतर ज्यांनी डोक्यावर ओझे घेऊन मोजले आहे, त्यांना तो हिशेब शिकवावा लागत नाही. २०२१ च्या चौथ्या भागाला ही वाहतूक परत आणावी लागली.

दरम्यान दुसऱ्याच भागाला २०१९ मध्ये नवे रूप मिळाले, आणि २०२२ मध्ये त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. साचा तोच ठेवून त्यात नवे सैन्य, नवे प्रदेश घालता येतात, त्यासाठी दरवेळी नवा क्रमांक लागत नाही.

अवास्तव कौतुकाबद्दल विचाराल, तर मी फुटबॉलच्या वार्षिक गेमचे नाव घेईन. २०२३ मध्ये त्याचे ‘फिफा’ हे नाव जाऊन ‘एफसी’ आले, पण मैदानावर मला फारसे काही वेगळे जाणवले नाही. पांझरा दादांनी सांगितलेल्या डेव्हिल मे क्रायच्या हे बरोबर उलटे आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे आभार. शहादेकर ताई, कोठाराचे उदाहरण माझ्या डोक्यातून जाणार नाही. पांझरा भाऊ, २०१६ चे रिकामे वर्ष मी विचारात घेतले नव्हते. कंटाळा खरा होता, हे मान्य. असॅसिन्स क्रीडचाच २०२३ चा बगदादमधला ‘मिराज’ मी खेळलो आहे. तो लहान आहे, त्याची कथा मला फिकी वाटली, पण पाते पुन्हा एका घावाचे झाले आहे, आणि तेवढ्यासाठी मी तो दोनदा खेळलो. यार्डातले भाऊ, भाच्याला रविवारी पहिला आयजीआय देतो आहे.

यार्डातला (भुसावळ)

जरूर द्या, पण आधी काही सांगू नका. यार्डात शिरण्यापूर्वी दुर्बीण काढून पहारेकरी मोजायचे असतात, हे त्याला चौथ्यांदा मेल्यावर आपोआप सुचेल.