मदत हवी आहे: टोकियोत मराठी घर कसं चालतं?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे येत्या एप्रिलमध्ये आम्ही टोकियोला जातोय. महिनाभर तिथल्या परदेशी लोकांचे अनुभव वाचतेय, पण बहुतेक युरोप-अमेरिकेतल्यांचे. रोप्पोंगीतले बार, हिरोओतली महागडी घरं, कंपनीने भरलेली इंटरनॅशनल शाळेची फी. वाटलं, आपल्याला हे शहर झेपणारच नाही. मग कळलं, आपली बरीच माणसं टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात राहतात. मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक परिषदेवर निवडूनही आले. जीव भांड्यात पडला!

आता खरी काळजी डब्याची. आम्ही शाकाहारी, आणि तिथे साध्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. सहा वर्षांच्या लेकीला सरकारी शाळेत घालायचंय. शाळेतल्या दुपारच्या जेवणाऐवजी घरची पोळी-भाजी देऊ देतात का? तिथे मुलं वाढवलेल्यांनी कृपया सांगा.