पुतळ्यापुढे क्रूसाची खूण: मुलाला काय सांगावे?

प्रश्न
पापडीची माहेरवाशीण, म्हापसे

नमस्कार. माझे माहेर वसईचे आणि सासर गोव्यात, बार्देशातले. घरात सगळे कोकणी बोलतात, पण मनातले नीट मांडायचे असले की मला मराठीच लागते, म्हणून येथे विचारते आहे.

डिसेंबर 2021 मध्ये कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पितळी पुतळा उभा राहिला, हे बहुतेकांना ठाऊक असेल. गोवामुक्तीला साठ वर्षे होत असताना पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा कशाला, म्हणून काही जणांनी तेव्हा काळे झेंडेही दाखवले होते. माझा प्रश्न त्या वादाचा नाही. गेल्या महिन्यात शाळेच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने तिकडे जाण्याचा हट्ट धरला. तेथे पोहोचल्यावर त्याने चौथऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि शांतपणे क्रूसाची खूण केली. त्या क्षणी मला हसू आले. रात्री मात्र झोप लागली नाही. घरी तेर्साला, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेला, बसला की हाच मुलगा पेंगतो, आणि त्या खेळाडूने कोणत्या वर्षी किती गोल केले ते मात्र त्याला तोंडपाठ आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या खेळाडूचा संघ फातोर्ड्याला येऊन खेळला, पण तो स्वतः आला नाही, तेव्हा घरात सुतक असल्यासारखे दोन दिवस गेले.

सासूबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "आपण जुन्या गोव्यात सायबापुढे हात जोडतो, त्याने त्याच्या सायबापुढे जोडले." सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. मला उत्तर सुचले नाही. हा दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेचा, म्हणजे देवाखेरीज कोणाला भजू नये या आज्ञेचा, भंग मानावा, की वयाचा भाग म्हणून सोडून द्यावे?

प्रतिसाद 1
निवृत्त शिक्षक, वास्को

ताई, मी मूळचा नगरकडचा, प्रोटेस्टंट घरातला, त्यामुळे माझा सूर थोडा कडक वाटला तर सांभाळून घ्यावे. माझ्या मते ही मूर्तिपूजाच आहे, आणि वय हे तिचे कारण असू शकते, सबब नव्हे. तरीही मुलाला रागावू नका, कारण रागावण्याने भक्ती जात नाही, ती फक्त लपते.

बायबलमधले प्रेषितांची कृत्ये, अध्याय 14, त्याच्याबरोबर बसून वाचा. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दाने जन्मापासूनचा पांगळा उठून चालू लागतो, तेव्हा देवच माणसाच्या रूपात उतरले आहेत असे लोकांना वाटते. ते बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मीस म्हणू लागतात, आणि झ्यूसचा पुजारी बैल व हार घेऊन वेशीपाशी येतो. हे दोघे काय करतात? आपली वस्त्रे फाडून गर्दीत धावत शिरतात आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगतात. मी हा भाग वर्गात अनेकदा शिकवला, पण त्याच अध्यायातली पुढची घटना शिकवताना मुले गप्प होत असत. बाहेरगावच्या लोकांनी येऊन कान भरले आणि हार आणणाऱ्या त्याच गावात पौलाला दगडमार झाला. तो मेला असे समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकले.

हार आणि दगड यांच्यात अंतर फार थोडे असते. 2007 च्या विश्वचषकात आपला क्रिकेट संघ बांगलादेशाकडून हरला, तेव्हा रांचीत महेंद्रसिंह धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची लोकांनी नासधूस केली. 2011 मध्ये त्याच खेळाडूने विश्वचषक जिंकून दिल्यावर त्याला डोक्यावर घ्यायला सारा देश पुढे होता. देवाने हरायचे नसते, आणि माणूस तर कधी ना कधी हरतोच. म्हणून ज्याला देव केले जाते त्याच्यावरही हा अन्यायच असतो. मुलाला पापाची भीती दाखवण्याऐवजी, ज्या माणसावर तुझे इतके प्रेम आहे त्याच्यावर तू केवढे ओझे टाकतो आहेस, एवढेच विचारून पाहा.

प्रतिसाद 2
अंत्रुजकर, फोंडे

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे आज्ञेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र सरांना एक विनंती आहे. गोव्यात 'मूर्तिपूजा' हा शब्द पुस्तकातल्याइतका स्वच्छ राहिलेला नाही. सोळाव्या शतकात याच शब्दाच्या आधाराने तिसवाडी, साष्टी आणि बार्देशातली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, आली ती त्याच काळात, पालख्या मिरवत नव्हे, तर जीव मुठीत धरून. पुतळ्याला हात लावणाऱ्या मुलाबद्दल हा शब्द वापरला की आमच्या घरात तो वेगळाच ऐकू येतो. विषय सोडून बोललो असेन तर क्षमा असावी.

प्रतिसाद 3
साष्टीकर

अंत्रुजकर, तुम्ही विषय सोडलेला नाही. मी येथे मुलांना धर्मशिक्षण देतो आणि हा शब्द शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट करण्यासाठी वापरू नये, हे मुलांना आधी सांगतो. पवित्र शास्त्रातही या शब्दाचा सर्वांत कठोर वापर आपल्याच माणसांविरुद्ध झाला आहे: सोन्याचे वासरू परक्यांनी केले नव्हते, मोशेचा भाऊ अहरोन याने आपल्याच लोकांच्या कानांतली कुंडले वितळवून ते पूजेसाठी घडवले होते.

आता ताईंच्या सासूबाईंकडे वळतो, कारण खरा प्रश्न त्यांनीच विचारला आहे आणि त्यांना हसून टाळणे बरोबर नाही. देवालाच द्यायची आराधना आणि संतांना द्यायचा मान यांत चर्च फरक करते. प्रतिमांच्या वादात 787 च्या निकैया येथील दुसऱ्या परिषदेने तो स्पष्ट शब्दांत मांडला. पण ही परिभाषा चौदा वर्षांच्या मुलाच्या कामाची नाही. त्याला सायबाचीच गोष्ट सांगा. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात आला आणि रस्त्यांतून घंटी वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत फिरला. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर तो मरण पावला, आणि चर्चने त्याला संत घोषित केले 1622 मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. माणूस जिवंत असताना त्याला संत म्हणायचे नाही, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. संत ठरवण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बाजू मांडण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारीसुद्धा नेमलेला असे; हे पद 1587 मध्ये निर्माण झाले आणि 1983 पर्यंत त्या स्वरूपात टिकले. आपल्या काळातल्या लोकप्रिय माणसांच्या वाट्याला असा अधिकारी कधी येत नाही. त्यांच्याभोवती असतात ते जाहिरातदार, आणि त्यांचे पोट त्या भक्तीवरच चालते.

याचा अर्थ आमची भक्ती नेहमी शुद्ध असते असा नव्हे. सायबाचे शव 1554 मध्ये गोव्यात आले तेव्हा एका बाईने अवशेष म्हणून त्याच्या पायाचे बोट चावून घेतले, असे परंपरा सांगते. नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळातल्या शवप्रदर्शनाला मीही तासन्‌तास रांगेत उभा होतो. माझ्या पुढेमागे प्रार्थना करणारे होते, तसेच फक्त फोटोसाठी हात उंच करणारेही होते, आणि खरे सांगायचे तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणाऱ्यांत मी होतो.

म्हणूनच राजा हिज्कीयाची गोष्ट मला जवळची वाटते. मोशेने रानात केलेला पितळी साप देवाच्याच सांगण्यावरून केलेला होता आणि त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसे जगली होती. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. म्हणजे वस्तू पवित्र असली तरी बिघाड होऊ शकतो, आणि खेळाडू पवित्र नाही म्हणून बिघाड झालाच असेलही असे नाही. तो मुलगा त्या चौथऱ्यापाशी काय मागत होता, यावर सगळे अवलंबून आहे. ताई, तुम्ही त्याला ते विचारले का?

प्रतिसाद 4
निवृत्त शिक्षक, वास्को

अंत्रुजकर, तुमचे म्हणणे मान्य आहे. मी नगरच्या चष्म्यातून पाहत होतो, जेथे या शब्दामागे कोणी देवळे पाडलेली नाहीत. माझा रोख माणसाच्या मनावर होता. मनुष्याचे मन हा मूर्ती घडवणारा न थांबणारा कारखाना आहे असे प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन म्हणतो, आणि त्या कारखान्यातून मीही सुटलेलो नाही. तरुणपणी मी एका प्रवचनकारांचा असा भक्त होतो की त्यांच्यासारखा खोकतसुद्धा असे.

साष्टीकरांशी एका मुद्द्यावर मतभेद आहे, तो पुन्हा कधीतरी बोलू. एवढेच सुचवतो की योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्यायही मुलाला वाचून दाखवा. पाच हजारांना भाकरी मिळाल्यावर लोक येशूला बळजबरीने राजा करू पाहतात, आणि ते ओळखून तो एकटाच डोंगरावर निघून जातो. भजण्याजोगा जो होता, त्यानेच गर्दीची ती मागणी नाकारली.

प्रश्नकर्तीचे उत्तर
पापडीची माहेरवाशीण, म्हापसे

सर्वांचे मनापासून आभार. अंत्रुजकर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला; त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

साष्टीकर, मी मुलाला विचारले. जिंकू दे असे मागितले का, म्हटल्यावर तो म्हणाला, नाही, पेनल्टी मारायची वेळ आली तर पाय थरथरू नयेत एवढेच म्हटले. मग हे कोणाला म्हटलेस, असे विचारले तर तो गोंधळला आणि म्हणाला, "खूण तर क्रूसाचीच केली ना?" म्हणजे त्यालाही माहीत नव्हते. लुस्त्रची गोष्ट आम्ही काल रात्री तेर्सानंतर वाचली. दगडमारापाशी आल्यावर त्याने विचारले, पौल मेला का? नाही, तो उठून पुन्हा त्याच गावात गेला, असे सांगितल्यावर त्याने ती ओळ स्वतः शोधून काढली.

घरात लावलेले त्या खेळाडूचे पोस्टर मी काढलेले नाही. आता एक व्यावहारिक अडचण उरली आहे: सरावाची वेळ रविवारी सकाळी सातची झाली आहे आणि आमच्या चर्चमधली मिस्साही त्याच वेळेला असते. फादरांशी बोलून या आठवड्यापासून शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जायचे ठरवले आहे. सासूबाईही येणार आहेत.